अपवादांचें दप्तर



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मुलगा, सून किंवा भाची संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचें काम करीत असेल. रात्रीं जेवतांना ‘आज दिवसभर काय केलेंस?’ असें विचारलें, तर ‘कांहीं विशेष नाहीं, एक्सेप्शनचे इम्पोर्ट आवरले,’ असें उत्तर येतें, आणि विचारणारा पुढें कांहीं विचारीत नाहीं. त्या उत्तरांत काय दडलेलें आहे, तें आज सांगावयाचें आहे. एक्सेप्शनला आपण अपवाद म्हणूं आणि इम्पोर्टला आयात. काम दिसावयास माळा आवरण्यासारखें. पण त्यांतली एक ओळ चुकीची काढली गेली, तर तिची शिक्षा कदाचित् सहा महिन्यांनीं, एखाद्या रात्रीं, भलत्याच माणसाला भोगावी लागते.

संगणकाकडे वळण्यापूर्वीं नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवीं जाऊं. हें पर्जन्यछायेंतील गांव. वर्षाकाठीं पाऊस सरासरीनें चारशें मिलिमीटरच्या आसपास. तोही एका वर्षीं बरा, तर दुसऱ्या वर्षीं पाठ फिरविणारा. १९७२ च्या दुष्काळानें गांवाची घडी विसकटली; शेती पिकेनाशी झाली, माणसें कामासाठीं बाहेर पडलीं. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढील कांहीं वर्षांत डोंगरउतारांवर समपातळी चर खणले गेले, नाल्यांवर बांध पडले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी झाली. ही कथा वर्तमानपत्रांतून आपण अनेकदां वाचली आहे. मला तिच्यांतील एकच गोष्ट आज हवी आहे, ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला, कीं पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांवरून गांवापाशीं किती पाणी आहे याचा हिशेब होतो आणि तो ग्रामसभेपुढें मांडला जातो. आधीं माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी, मग शेतीचें. पाणी कमी असेल, तर कोणतीं पिकें घ्यावयाचीं नाहींत, हें त्याच सभेंत ठरतें. ऊस व केळी यांसारख्या पाणी पिणाऱ्या पिकांना मनाई आहे, आणि शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी आहे.

या व्यवस्थेचें मर्म असें, कीं तूट मोजणारा एक आणि तुटीवर निर्णय घेणारा दुसरा. विहिरींत दोर सोडणारा मनुष्य ‘कांदा लावूं नका’ असा हुकूम देत नाहीं. तो पातळी सांगतो. निर्णय जेथें घेतां येतो, तेथपर्यंत ती वार्ता पोहोंचते, आणि पोहोंचते तेव्हां तिला सर्वांना कळणारें एक नांव असतें. यंदा पिण्यापुरतें पाणी आहे पण उन्हाळी पिकापुरतें नाहीं, असें म्हटलें कीं सभेंतील प्रत्येकाला एकच अर्थ कळतो.

संगणकशास्त्रांतील अपवाद म्हणजे अशी नांव असलेली तूट. आज्ञावली ही एकमेकींना कामें सांगणाऱ्या लहान लहान कृतींची उतरंड असते. आपण विजेचें बिल भरतों, तेव्हां सर्वांत वरची कृती मधल्या कृतीला ‘या ग्राहकाचा हिशेब आण’ असें सांगते, मधली खालच्या कृतीला ‘अमुक फाइल वाच’ असें सांगते. ती फाइल जागेवर नसली तर काय करावें? ग्राहकाची क्षमा मागावी, दुसरीकडे शोधावें, कीं काम थांबवावें, हें खालच्या कृतीला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. ती ‘फाइल सांपडली नाहीं’ या नांवाचा अपवाद वर फेंकते, आणि त्या नांवाचा अपवाद झेलण्याची तयारी ज्या वरच्या कृतीनें ठेवली असेल, तिच्या हातीं तो लागतो. कोणींच झेलला नाहीं, तर आज्ञावली तेथेंच थांबते.

ही कल्पना जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकांत पीएल-वन या भाषेंत तिचें ओबडधोबड रूप आलें; १९७५ सालीं जॉन गुडइनफ यांनीं तिची पद्धतशीर मांडणी एका निबंधांत केली; बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू या भाषेंत तिला घोटीव आकार मिळाला. आणि ती दुर्लक्षिली तर काय होतें, याचें सर्वांत महागडें उदाहरण ४ जून १९९६ रोजीं जगानें पाहिलें. युरोपचें एरियान-५ हें अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणांत सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झालें. एक मोठा आंकडा लहान मापाच्या जागेंत मावेना, म्हणून अपवाद उठला. तो झेलण्याची सोय त्या ठिकाणीं नव्हती. अपवाद आला कीं यंत्रानें बंद व्हावें, असा नियम होता. यंत्र बंद झालें. मदतीला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रांतही तीच आज्ञावली असल्यामुळें तें आधींच बंद पडलें होतें.

आतां आयातीकडे येऊं. मोठी आज्ञावली एका फाइलींत मावत नाहीं. ती शेंकडों फाइलींत वांटलेली असते. एका फाइलींत घडविलेलें नांव दुसरींत वापरावयाचें, तर तिच्या आरंभीं ‘अमुक नांव अमुक ठिकाणाहून आणिलें आहे’ अशी ओळ लिहावी लागते. मी येथें पायथन या भाषेचींच उदाहरणें घेणार आहें. ही भाषा गिदो व्हान रोस्सुम या डच गृहस्थांनीं घडविली आणि १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. आज आपल्याकडील महाविद्यालयांतून ती सर्रास शिकवितात. अशा ओळी माथ्यावर कशा रचाव्या, याचे संकेतही तिच्या चालकांनीं २००१ सालापासून लिहून ठेविले आहेत: प्रथम भाषेच्या स्वतःच्या भांडारांतील, मग बाहेरच्यांच्या, मग घरच्या. एवढें सोपें असतां गोंधळ कां माजतो? कारण अपवादाची आयात इतर आयातीसारखी नसते.

इतर नांव आणावयाचें राहिलें, तर तें वापरतांक्षणीं पायथन तक्रार करतो. अपवादाचें नांव मात्र झेलण्याच्या ओळींत असतें, आणि ती ओळ संकट प्रत्यक्ष आल्याशिवाय तपासलीच जात नाहीं. आयात विसरलेली आज्ञावली म्हणून महिनोन्महिने हंसतखेळत चालते. मग एके दिवशीं जाळें तुटतें, अपवाद उठतो, पायथन झेलणारी ओळ वाचावयास जातो आणि म्हणतो, ‘या नांवाचा मनुष्य मला ठाऊक नाहीं!’ मूळ संकटावर योजिलेला उपाय बाजूला राहतो आणि अनोळखी नांवाचा नवाच अपवाद उभा राहतो. तहान लागल्यावर विहीर खणणें ही म्हण आपल्याकडे आहे. येथें तर विहीर खणून, बांधून, तिच्यावर रहाट बसवून ठेविली आहे असें सर्वांना वाटत असतें, आणि तहान लागल्यावर कळतें कीं ती चित्रांतली होती.

सुदैवानें ही चूक पकडणारीं साधनें आहेत. पायफ्लेक्स नांवाचें असेंच एक साधन आज्ञावली न चालवितां नुसती वाचून पाहतें आणि कोणतें नांव आणिल्यावांचून वापरलें, कोणतें आणून वापरलें नाहीं, याची यादी देतें. तरुण मंडळी त्या यादीवर विसंबून भराभर ओळी काढतात. येथेंच दुसरा आणि माझ्या मतें अधिक फसवा सांपळा आहे.

‘कनेक्शनएरर’ हें नांव घ्या. संपर्क तुटल्याचा हा अपवाद. या नांवाचा एक अपवाद पायथनच्या घरांतच आहे. तो कोठून आणावा लागत नाहीं. परंतु जाळ्यावरील पत्त्यांशीं बोलण्यासाठीं जें ‘रिक्वेस्ट्स’ नांवाचें लोकप्रिय भांडार आहे, त्याचाही याच नांवाचा अपवाद आहे, आणि या दोघांत बापलेकाचें नातें नाहीं. आपल्या गांवांत दोन पांडुरंग असतात, एक सुताराचा व एक शिंप्याचा, तसेंच हें. फाइलीच्या माथ्यावर ‘रिक्वेस्ट्सचा कनेक्शनएरर आण’ अशी ओळ असतांना आज्ञावली योग्य पांडुरंगाला हांक मारीत असते. आतां कोणी आवरतांना ती ओळ चुकून काढली, तर काय होईल? कांहींच होणार नाहीं! त्या नांवाचा मनुष्य घरांत आहेच; पायफ्लेक्सही गप्प बसेल, कारण त्याच्या लेखीं नांव ओळखीचें आहे. संपर्क तुटेल त्या दिवशीं सुताराऐवजीं शिंपी दारांत उभा असेल आणि खरा अपवाद कोणाच्याही हातीं न लागतां वर निघून जाईल.

वेळ संपल्याचा ‘टाइमआउटएरर’ हा तर कित्येक वर्षें बहुरूपी होता. घरचा एक, सॉकेटचा दुसरा, समांतर कामांच्या भांडाराचा तिसरा, आणि २०१९ च्या आवृत्तीपासून असिंकायओ या भांडाराचा वेगळा चौथा. चांगला जाणता मनुष्यही भलत्यालाच झेलीत बसे. पायथनच्या चालकांनीं २०२१ सालच्या आवृत्तींत सॉकेटच्या अपवादाला घरच्यांत मिळविलें आणि २०२२ सालच्या आवृत्तींत उरलेल्या दोघांनाही. आतां नांवें अनेक असलीं, तरी मनुष्य एकच आहे. तथापि जुन्या आवृत्तीवर चालणारी आज्ञावली आवरावयाची असेल, तर हे चौघे अजून चारच आहेत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

जुनें नांव आणि नवें नांव यांचा प्रश्न हिवरे बाजारकरांना समजावून सांगावा लागणार नाहीं. त्यांचा जिल्हा २०२४ सालापर्यंत अहमदनगर होता. त्या वर्षीं तो अहिल्यानगर झाला. जुन्या सातबाऱ्यावर, दाखल्यांवर, घरांतल्या पत्रांवर पहिलें नांव आहे. नव्या कागदांवर दुसरें. जुनें नांव घातलेलें पत्र टपालवाल्यानें परत पाठविलें असतें, तर केवढा हाहाकार उडाला असता! दोन्ही नांवांनीं एकच जिल्हा ओळखावयाचा आणि नवें लिहितांना नवेंच नांव लिहावयाचें, हीच रीत अशा वेळीं चालते.

पायथनमध्यें असेंच एक मोठें नामांतर झालें. फाइल, जाळें, यंत्रणा यांच्या कुरबुरींसाठीं त्यांत ‘आयओएरर’, ‘ओएसएरर’, ‘सॉकेट एरर’, ‘सिलेक्ट एरर’ अशीं अनेक नांवें साचलीं होतीं, आणि कोणत्या वेळीं कोणतें उठेल याचा नेम नव्हता. आंत्वान पित्रू यांनीं २०१० सालीं हीं सर्व एकत्र करण्याची योजना मांडली आणि सप्टेंबर २०१२ मध्यें निघालेल्या ३.३ या आवृत्तींत ती अमलांत आली. जुनीं नांवें पुसलीं नाहींत. तीं ‘ओएसएरर’चींच टोपणनांवें झालीं. आणि उलट बाजूनें, जेथें पूर्वीं अपवाद झेलून पुन्हां त्याच्या पोटांतला क्रमांक पाहावा लागे, तेथें ‘फाइलनॉटफाउंडएरर’, ‘परमिशनएरर’ असे नेमके पोट-अपवाद मिळाले. मला हें काम आवराआवरीचा उत्तम नमुना वाटतें: भेद नव्हता तेथें नांवें कमी केलीं, भेद होता तेथें वाढविलीं.

एका स्वल्पविरामाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. पायथनच्या जुन्या, दुसऱ्या पिढींत ‘झेल आयओएरर, ओएसएरर’ असें लिहिलें, तर लिहिणाऱ्यास वाटे कीं आपण दोन्ही अपवाद झेलले. वास्तविक त्याचा अर्थ असा होई, कीं आयओएरर तेवढा झेल आणि हातीं आलेल्या अपवादाला ‘ओएसएरर’ असें नांव दे. दुसरा अपवाद सुटे तो सुटेच, शिवाय त्याचें नांवही बिघडे. नारायणराव पेशव्यांच्या आख्यायिकेंतील ‘ध’चा ‘मा’ करावयास निदान एक अक्षर तरी बदलावें लागलें. येथें कोणी कांहीं न बदलतांच अर्थ फिरलेला असे. २००८ सालीं तिसरी पिढी निघाली, तेव्हां ही लिहिण्याची रीत बंद केली गेली. जुन्या आज्ञावली नव्या पिढींत आणणाऱ्या पुष्कळांना आपल्या अशा ओळी त्या वेळीं प्रथम दिसल्या.

आवरतांना आणखी दोन खोडी भेटतात. एक म्हणजे ‘त्या फाइलींतलें झाडून सगळें आण’ अशी सरसकट आयात. लिहिणाऱ्याचे श्रम वांचतात. पण कोणतें नांव कोठून आलें याचा माग राहत नाहीं, आणि वाचणारें साधनही हात टेंकतें. दुसरी खोड उलट प्रकारची. एखाद्या फाइलींत एक अपवाद आणलेला दिसतो, पण ती फाइल स्वतः तो वापरीत नाहीं. साधन म्हणतें, काढून टाका. परंतु तिसऱ्याच फाइलीनें तो अपवाद मूळ ठिकाणाहून न आणतां या फाइलींतून उचललेला असतो. आपल्या अंगणांतून गेलेली, आपल्या उपयोगाची नसलेली नळी तोडावी आणि पलीकडच्या घराचें पाणी बंद व्हावें, तसें होतें. म्हणून ओळ काढण्यापूर्वीं ती कोणाकोणाच्या घरीं जाते, हें साऱ्या वस्तींत हिंडून पाहावें.

आतां नीट व्यवस्था कोणती? बहुतेक ठिकाणीं अनुभवानें एकच उपाय ठरला आहे: घरच्या अपवादांसाठीं एक स्वतंत्र फाइल करावयाची, आणि त्या फाइलीनें घरांतील दुसऱ्या कोणाकडूनही कांहीं आणावयाचें नाहीं. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. हिशेबाच्या फाइलीला पावतीच्या फाइलींतला अपवाद हवा आणि पावतीच्या फाइलीला हिशेबाच्या फाइलींतला, असें झालें कीं दोघीही एकमेकींच्या दारांत अडून बसतात. कपाटाची किल्ली कपाटांतच राहिल्यासारखी स्थिति होते. अपवाद तिसऱ्या, कोणावरही न विसंबणाऱ्या दप्तरांत ठेविले, तर दोघींचीही वाट मोकळी होते. शिवाय तें एक दप्तर उघडलें, कीं या आज्ञावलीवर कोणकोणतीं संकटें येऊं शकतात, याची वंशावळ समोर येते. नव्या माणसाला दहा दिवसांत जें कळलें नसतें, तें अर्ध्या तासांत कळतें.

मात्र याचाही अतिरेक होतो. प्रत्येक लहानसहान अपवाद दप्तरांत नेऊन घालणारे उत्साही लोक दोन वर्षांत त्याची अडगळीची खोली करितात. जो अपवाद एकाच फाइलींत उठतो व तेथेंच झेलला जातो, तो त्या फाइलींतच राहूं द्यावा, असें माझें मत आहे. उंबरठा ओलांडणाऱ्यांचीच नोंद वेशीवर करावयाची असते.

आणि एक प्रलोभन टाळावें. नांवांचा फारच घोळ झालेला पाहून कोणी म्हणतो, ‘कशाला हीं नांवें? जो अपवाद येईल तो झेला आणि पुढें चला.’ पायथनमध्यें तसें लिहितां येतें. हिवरे बाजारची बोअरबंदी येथें आठवते. बोअर घेतलें कीं तूट दिसेनाशी होते, पाणी येत राहतें, ग्रामसभेपर्यंत वार्ता जाण्याचें कारणच उरत नाहीं. खालचा सांठा मात्र उपसला जात असतो. सरसकट झेलणारी ओळ हेंच करिते. फाइल नव्हती, परवानगी नव्हती, लिहिणाऱ्यानें नांवच चुकीचें लिहिलें होतें, सर्व कांहीं ती मुकाट्यानें गिळते, आणि वर ‘सर्व ठीक’ असा अहवाल जातो. आयात विसरल्याची जी चूक मघाशीं सांगितली, तीही अशा ओळीखालीं कायमची झांकली जाते.

प्रत्यक्ष काम करणारानें त्या दिवशीं दुसरें कांहींही करूं नये. नांवें हलवावयाचीं तर नुसतीं नांवेंच हलवावीं. त्याच हातासरशीं आज्ञावलीची वागणूक बदलूं नये, नाहींतर पुढें कांहीं बिघडलें तर दोष कोणत्या बदलाचा हें शोधतां येत नाहीं. हलविल्यावर प्रत्येक अपवाद मुद्दाम उठवून पाहावा: फाइल लपवावी, जाळें तोडावें, उत्तर उशिरां द्यावें, आणि योग्य हात पुढें येतो कीं नाहीं तें पाहावें. हें सर्वांत कंटाळवाणें आणि सर्वांत आवश्यक. सर्व सुरळीत असतांना घेतलेली परीक्षा येथें निरुपयोगी, कारण झेलणाऱ्या ओळी सुरळीत वेळीं झोंपलेल्याच असतात.

जुन्या पत्त्यावर आयात करणारे लोक बाहेर असतील, तर जुन्या जागीं टोपणनांव ठेवावें आणि ‘हें नांव आतां नव्या ठिकाणीं आहे’ अशी सूचना उठेल अशी सोय करावी. त्या सूचना किती येतात हें कांहीं महिने मोजावें. त्या थांबल्या, म्हणजे जुनी ओळ काढण्यास हरकत नाहीं; फक्त ती शुक्रवारीं संध्याकाळीं काढूं नये.